कॅलेंडरातला उ

रविवार, अठरा मे. सकाळी साडेनऊ वाजता तळखेडच्या गावंड्यांच्या घरी वाटणीपत्राचा मसुदा वाचायला घेतला, आणि चौथ्या ओळीवर वाचन थांबलं.

वाचत होता विपुल, सूर्यभान गावंडे यांचा मुलगा. थांबवलं त्याच्या बहिणीनं, दामिनीनं. ओळ अशी होती: ‘खालील अकरा एकर, भारी काळी, कसदार, उत्तम प्रतीची, कै. चिंतामण यांच्या पत्नी सिंधू व पुत्र केयूर यांच्या वाट्यास.’

“हे असं नको लिहू,” दामिनी म्हणाली.

“काय नको लिहू?”

“कसदार. आणि उत्तम प्रतीची.”

“मंग काय लिहू? नरम प्रतीची?” विपुलनं कागद खाली ठेवला. “मंगळवारी दर्यापूरले रजिस्ट्री हाय. वकिलानं टाइप करून देल्लं. अन् तू आता शब्द मोजून राहिली.”

सिंधू स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीच्या आतल्या बाजूला बसली होती. तिथून तिला कूलरसमोरच्या खुर्चीतले सूर्यभान दिसत, पण अर्धेच. हे बरोबर होतं. सूर्यभान तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि या घरात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी समोरासमोर बोलत नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, चिंतामणला जाऊन बावीस. इतक्या वर्षांत दोघांत एक शब्द थेट गेला नव्हता. ते म्हणत, ‘तिले सांग.’ ती म्हणे, ‘त्याईले सांगा.’ मधे दुर्गाबाई, तिच्या जाऊबाई. निरोप त्यांच्या हातून इकडून तिकडे जायचा, भाकरीच्या टोपल्यासारखा.

आणि ते अकरा एकर. बावीस वर्षांपूर्वी, चिंतामणच्या तेराव्याला, सूर्यभान चार माणसांत उभे राहून म्हणाले होते, “खालचं वावर सिंधूचं. भारी वावर हाय, लेकरू लहान हाय. वरचं हलकं मी ठेवतो.” केयूर तेव्हा तीन वर्षांचा. गावानं त्या बोलण्याचं कौतुक केलं आणि अजून करतं. नाल्याकडे उतरत जाणारं सपाट, डांबरासारखं काळं वावर, कितीही खणा, तळ लागत नाही. वरचं वावर तांबूस, गोट्याचं. आंधळ्यालाही कळेल चांगलं कोणतं.

तरी दरसाल वरच्या वावरात कापूस खांद्याला लागे आणि खालच्या वावरात गुडघ्याला. गावानं त्याचंही उत्तर शोधलं: वावर सोन्याचं, पण बाईच्या हाताले जस नाई. कोण पहिल्यांदा म्हणालं ते माहीत नाही. एकदा दुर्गाबाईही म्हणाल्या होत्या, तिच्या ताटात वरण वाढताना, अगदी मायेनं. ते वाक्य सिंधू बावीस वर्षं बरोबर घेऊन फिरत होती. वाटणी व्हायचीच होती, सह्या व्हायच्याच होत्या. पण ‘कसदार, उत्तम प्रतीची’ या शब्दांवर अंगठा उठला की ते वाक्य कायमचं तिच्या नावावर चढणार होतं.

“काकू, दोन गिलास दे,” दामिनी म्हणाली. “काचेचे. अन् फिल्टरचं पाणी.”

दामिनी अकोल्याला मातीवर संशोधन करत होती. जानेवारीत तिनं दोन्ही वावरांत माणूसभर खोल खड्डे घेतले होते. चार दिवस ती त्या खड्ड्यात उतरून चाकूनं भिंत खरवडत होती, विताविताची माती वेगळ्या पिशवीत भरत होती, आणि पोट्टी वावरात काय पुरून राहिली असं लोक विपुलला विचारत होते. खालच्या खड्ड्यात हातभर खोलीवर तिला मातीचे घसरून घासलेले पृष्ठभाग दिसले होते, आरशासारखे चकचकीत. सिंधूलाही तिनं खाली उतरवलं होतं. आपल्या वावराच्या आत सिंधू पहिल्यांदा गेली ती तेव्हा.

सिंधूनं गिलास आणून चौकटीवरून पुढे सरकवले. दामिनीनं पिशव्यांतून सुपारीएवढी दोन ढेकळं काढली. “हे वरच्या वावरातलं. हे खालच्यातलं. दोन्ही अडीच फुटांवरची.” तिनं ती पाण्यात सोडली.

“आता?” विपुलनं विचारलं.

“आता गप बस.”

सगळे बघत राहिले. केयूर काल रात्रीच पुण्याहून आला होता, तोही मोबाइल खिशात घालून पुढे वाकला. वरच्या वावराचं ढेकूळ फुटलं, त्याचे रवाळ कण तळाशी बसले, वरचं पाणी स्वच्छ राहिलं. खालच्या वावराचं ढेकूळ फुटलं नाही. त्याच्याभोवती आधी धुरासारखी कड आली, मग ती पसरली, आणि पाच मिनिटांत अख्खा गिलास घोटलेल्या चहासारखा झाला. तळ दिसेना.

“चहा बरा झाला,” दुर्गाबाई म्हणाल्या. “साखर टाकू काय?”

“मीठ आधीच आहे, आई. म्हणजे सोडियम. मातीचे कण एकमेकांना धरून असले की मधून पाणी खाली जातं. सोडियम जास्त झालं की कण सुटतात, अन् हे असं सगळं बारीक होऊन भोकं बुजवतात. पाण्यानं जावं कुठं?” दामिनीनं अहवालाचं पान उघडलं. “वरच्या वावरात अडीच फुटांवर सोडियमचा वाटा शंभरात सात. खालच्या वावरात एकोणीस. पंधराच्या वर गेला की माती बिघडली समजतात. वरच्या मातीतून पाणी तासाला अकरा मिलिमीटर उतरतं. खालच्या मातीतून दीडच्या आत.”

“आपल्याकडं पाणी खारं हाय हे गावातल्या बकरीले ठाऊक हाय,” विपुल म्हणाला. “पन माती चांगली हाय. सरकारी तपासणीचं कार्ड हाय माह्याजवळ. सगळं ठीक म्हणून लिवलं हाय त्याच्यात.”

“कार्डासाठी माती कोणी काढली होती?”

“म्याच.”

“किती खोल?”

विपुलनं हाताची वीत दाखवली आणि ती तशीच हवेत राहिली.

“खालच्या वावरातही वरच्या वितीत सोडियम सहाच आहे. तुझं कार्ड खोटं नाही. ही माती वरून गोड बोलते.”

सूर्यभान गढूळ गिलासाकडे पाहत होते. सत्तरीचा माणूस, हिशेबात चोख, शब्दाला पक्का. गावातल्या निम्म्या भांडणांत त्यांना बोलवत. ते म्हणाले, “एका गिलासानं वावर ठरते काय? चाळीस साल नांगर धरला म्या. दामिनी, तिले विचार, पानी किती दिवस रायते तेथं.”

“काकूला विचारायची गरज नाही, बाबा. तिनं लिहून ठेवलंय.”

दामिनीनं भिंतीशी ठेवलेली गुंडाळी सोडली. सिंधूच्या वेगळ्या घराच्या भिंतीवरची जुनी कॅलेंडरं, देवादिकांची, खतवाल्यांची, पतसंस्थेची. बावीस. जून ते ऑक्टोबरच्या पानांवर तारखांच्या चौकोनांत निळ्या पेनानं एकेक अक्षर होतं: उ. कुठे सलग चार, कुठे सहा, एका जुलैत सतरा.

दुर्गाबाईंनी चष्मा लावला. “हे तं हिचे उपास होत.”

“कशाचे उपास, आई?”

“उ म्हंजे उपास. मी दरसाल पाहो. चिंतामणभाऊ गेल्यापासून बिचारी किती उपास करते म्हणून मी साऱ्या भिशीत सांगतलं. यवद्याच्या माह्या बहिणीनं हिचं पाहून चातुर्मास धरला, वो.”

केयूर हसला, मग विपुलही. सिंधूलाही हसू आलं. तिनं ते पदरात घेतलं. सतरा उपासांच्या त्या जुलैत दुर्गाबाई रोज सकाळी तिला बळेच साबुदाणा पाठवत होत्या, आणि ती तो खाऊन वर भाकर खात होती.

“मीबी काकूला हेच विचारलं,” दामिनी म्हणाली. “जानेवारीत. म्हटलं काकू, जुलैत सतरा उपास? तं म्हणाली, उपास नाई, उ म्हंजे उभं. पाणी उभं. सकाळी वावरात जाऊन पाहायची, सरीत पाणी उभं असलं की घरी येऊन उ लिहायची. मी महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे बावीस वर्षांचे आकडे काढले अन् एकेक तारीख जुळवली. वरच्या वावरात जिथं दुसऱ्या दिवशी वापसा येतो, म्हणजे पाय न रुतता पेरता येईल इतकी माती सुकते, तिथं खाली सहा-सात दिवस येत नाही. दर पावसाळ्यात सरासरी सत्तावीस दिवस पाणी उभं. प्रयोगशाळेत मी हे एका डबीत मोजलं. काकूनं अकरा एकरांत मोजलं. माझ्या प्रबंधात तिचं नाव आहे, पहिल्या पानावर, आभारात.”

केयूरनं एक कॅलेंडर उचललं. ज्या वर्षी तो दहावीला होता, त्या वर्षीचं. जून, जुलै, ऑगस्ट असं करत त्यानं पानं उलटली आणि परत पहिल्यापासून उलटली.

“आई, तू मले कधी सांगतलं नाई.”

“तुले काय सांगू? तुही परीक्षा होती.”

सूर्यभान खुर्चीत पुढे सरकले. आवाज वर गेला नाही. “बावीस साल पानी उभं होतं, अन् मले कोनी सांगतलं नाई. कावून?”

प्रश्न खोलीला होता. सिंधूनं दुर्गाबाईंकडे पाहिलं नाही. त्यांचा हात कॅलेंडरावर जिथं होता तिथंच थांबलेला तिला न पाहता कळला. पहिल्याच वर्षी, जुलैच्या मध्यात, सिंधूनं जाऊबाईंना सांगितलं होतं: त्याईले सांगा, वावरात पानी उभं रायते, बी सडून राहिलं. दुसऱ्या वर्षीही सांगितलं होतं. दोन्ही वेळा उत्तर आलं होतं, ‘ते म्हंतात, भारी वावर हाय, असंच रायते.’ तिसऱ्या वर्षापासून ती फक्त कॅलेंडराला सांगू लागली.

“दामिनी,” सिंधू म्हणाली, “त्याईले सांग, सांगाचं राहून गेलं.”

दुर्गाबाईंनी श्वास सोडला. चष्मा काढून पुसला. त्यावर काही नव्हतं.

सूर्यभान उठले. सिंधूला वाटलं ते बाहेर जातील. वाद वाढला की ते गोठ्याकडे जात. ते दारापर्यंत आले आणि चौकटीपासून दोन हातांवर थांबले. सिंधू सवयीनं उठून आत सरकली.

“सिंधू,” ते म्हणाले.

दामिनीच्या हातातलं पान हलायचं थांबलं.

“दरसाली पेरणीले म्या टॅक्टर पयले तुह्या वावरात धाडला. माह्या वावराच्या आधी. भावाच्या लेकराचं पयले, मंग माह्यं. ते बरोबर होतं का चूक?”

सिंधूनं आधी दामिनीकडे पाहिलं, निरोप कुणाकडे द्यायचा म्हणून. दामिनीनं मान हलवली: मला नाही, त्यांना. सत्तावीस वर्षांचा पदर एका हातानं धरून सिंधू सरळ बोलली.

“चूक होतं, दादा. माह्या वावराले वापसा शेवटी येते. वल्ल्यात टॅक्टर फिरे अन् जमीन अजूनच दाबून जाय. बी अर्धं सडे.” मग तिनं पुढचं सांगितलं, कारण तेही तितकंच खरं होतं. “पन पयला टॅक्टर माह्या बांधा-धुऱ्यावर आला, बावीस साल, एकबी साल चुकला नाई. मले रडाले येत होतं पाहून. ते मी इसरली नाई.”

सूर्यभाननी मान डोलावली. ते तसेच उभे राहिले, जणू पुढं काय करतात हे या वयात शिकायचं होतं.

“मंग वावर बदलू,” ते म्हणाले. “वरचं तू घे. खालचं मी घेतो.”

“बाबा.” विपुल उभा राहिला. “वरच्या वावरात म्या शेततळं केलं. पाइपलाइन टाकली. दहा सालापासून मीच वाहतो ते. तुमी एका शब्दात देल्लं, एका शब्दात घेता?”

“तवा शब्द चुकला.”

“तुमचा चुकला. मी तवा सतरा वर्षांचा होतो. चुकीचा दंड मी कावून भरू?”

हे म्हणणं खोटं नव्हतं, आणि सिंधूला ते कळत होतं. केयूरही विपुलच्या बाजूनं बोलला, वेगळ्या कारणानं. “काका, बदलाबदली नको. मला तसंही आईला पुण्याला न्यायचंय. अकोल्याचा एक माणूस खालचं वावर घ्यायला तयार आहे. कागदावर कसदार असू द्या, विकून मोकळे होऊ.”

“त्या माणसाले हा गिलास दाखवशीन?” सिंधूनं विचारलं.

केयूरनं गढूळ गिलास उचलला आणि परत ठेवला.

“बावीस साल मले कोनी दाखवला नाई. मी मेहनतीत कमी पडते असं वाटे मले. त्या माणसाच्या घरीबी एखादी बाई असन.”

दामिनीनं जमिनीच्या उंच-सखलाचा नकाशा फरशीवर पसरला. उपग्रहावरून काढलेला, पण वावर ओळखू येत होतं. “ऐका. जमीन उत्तरेकडून नाल्याकडे उतरते. सहाशे मीटरमध्ये फक्त दोन मीटर. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला दिसतं. वरून धुतलेलं सगळं खाली येऊन बसतं, अन् आपल्याकडे पाऊस इतका नाही की ते नाल्यात काढून टाकील. माती अशी झाली ती उतारानं, पावसानं. कोणाच्या हातानं नाही.” हे ती काकूकडे न पाहता म्हणाली. “बाबा, तुम्ही तेव्हा दोन वावरांमधला धुरा आडवा घातला. एकाच्या वाट्याला सगळं वरचं, दुसऱ्याच्या सगळं खालचं. धुरा उभा घातला असता तर दोघांना दोन्ही आलं असतं.”

“उभा,” सूर्यभान म्हणाले. बोटानं त्यांनी नकाशावर वरून खाली रेघ ओढली.

“लांबलचक पट्टे होतीन,” विपुल लगेच म्हणाला. “उतारानं पेरावं लागन. माती वाहून जाईन. तूच सांगत होती ना, आडवं पेरा म्हणून?”

“सांगत होते. तुझं बरोबर आहे.” दामिनीनं ते मान्य केलं आणि सकाळपासून पहिल्यांदाच विपुल तिच्याकडे थोडा कमी रागानं पाहू लागला. “धुरा उभा, पेरणी दोघांनी मिळून आडवी. धुऱ्यावरून पेरणीची तिफन नेता आली पाहिजे. म्हणजे दोघांचं पटलं पाहिजे.”

“ते तं त्याहून अवघड,” विपुल म्हणाला.

साडेबारा वाजले होते. सूर्यभाननी मसुदा पुढे ओढला. “रजिस्ट्री मंगळवारी नाई. पन हे ओळ आजच बदलतो. केयूर, तुह्या हातानं लिव.”

“काय लिहू?”

सगळे चौकटीकडे पाहत होते. सिंधू म्हणाली, “भारी काळी. खाली चोपण, पानी मुरत नाई. पानी उभं रायते.”

केयूरनं ‘कसदार, उत्तम प्रतीची’ यावर रेघ मारली आणि वर लिहिलं. खाडाखोडीशेजारी सूर्यभाननी सही केली, मग सिंधूनं, मग केयूरनं. विपुलनं पेन हातात घेतलं, झाकण लावलं आणि टेबलावर ठेवलं. “मी इचार करतो,” तो म्हणाला, आणि जेवायला मात्र बसला.

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात दोघी जावा भांडी आवरत होत्या. दुर्गाबाई नळाकडे तोंड करून म्हणाल्या, “म्या त्याईले सांगतलं नाई. दोन्ही डाव.”

“मले तवाच वाटलं होतं.”

“ते वरचं वावर तुले देतीन तं विपुलचं काय, हे मनात आलं. उत्तरबी म्याच बनवून आनलं.” पाणी वाहत होतं. “मंग केयूरले मी घरी जेवाले बोलवत जाय. तू रागावली नाई पाहिजे म्हणून का लेकरू म्हणून, आता मलेबी सांगता येत नाई.”

केयूर नऊ वर्षं या घरी दुपारचं जेवला होता, शाळेतून थेट. आजारी पडला तर दुर्गाबाईंनीच त्याला एसटीनं अचलपूरच्या डॉक्टरकडे नेलं होतं, एकदा नाही, चारदा. सिंधूनं ताटली पुसून रॅकवर लावली. तिला राग शोधून सापडत होता. पण त्याच्याबरोबर दरवेळी ते ताट वर येत होतं, त्यात तुपाची धार, आणि तीन वर्षांचं पोर. त्यातलं किती भीतीचं आणि किती मायेचं, हे कोणत्या प्रयोगशाळेत वेगळं होणार?

“पोट भरलं त्याचं,” ती म्हणाली. “ते खरं हाय, बाई. तेवढं मी मानते. अन् साबुदाण्याचंबी.”

“चूप वो,” दुर्गाबाई म्हणाल्या, आणि ओल्या हातानं तिच्या पाठीत हलकी चापट मारली.

पुढची हकिगत एवढीच. मंगळवारी नोंदणी झाली नाही. धुरा उभा घालण्यासाठी मोजणीचा अर्ज सत्तावीस मे रोजी दिला, त्यावर सूर्यभान, सिंधू आणि केयूर यांच्या सह्या आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात दामिनीच्या सांगण्यावरून खालच्या वावरातल्या एका एकरात सोडियम हटवणारं जिप्सम पसरवलं. ते उतरवायला विपुल ट्रॉली घेऊन आला, सही करायला आला नाही. अकोल्याच्या माणसाला केयूरनं फोन करून मातीबद्दल सांगितलं. त्याचा पुन्हा फोन आला नाही.

सव्वीस जूनला मंडळात चव्वेचाळीस मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अठ्ठावीसला सकाळी सात वाजता सूर्यभान धुऱ्यावर आले. ट्रॅक्टर मागे उभा होता, पण खाली घातला नव्हता.

“सिंधू, तुही पेरनी कधी?”

“पाच-सहा दिवसानं, दादा. तुमचं उरकून घ्या.”

त्या दिवशी, बावीस वर्षांत पहिल्यांदा, वरच्या वावरात आधी पेरणी झाली. सिंधूच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात सत्तावीस आणि अठ्ठावीसच्या चौकोनांत उ आहे. एकोणतीसच्या चौकोनात दोन नोंदी आहेत: दहा एकरांसाठी उ, आणि जिप्समच्या एका एकरासाठी नुसती रेघ. रेघेचा अर्थ दामिनीनं फोनवर विचारला. सिंधू म्हणाली, अर्धं उतरलं, अर्धं हाय. त्याले काय म्हणावं ते अजून ठरलं नाई. मोजणीला भूकरमापक पंधरा जुलैला येणार आहे. अर्जावर विपुलची सही नाही.